सीएचओ मॅडमची पात्रता आणि आई-वडिलांचं आयुष्मान कार्ड

एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आई-वडील सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात एका गावात राहतात, मुलगा पुण्यात नोकरीला. वडील 73 वर्षांचे, आई 66 ची. दोघांना बीपी, आईला साखरही. गावच्या उपकेंद्रात 'सीएचओ मॅडम' बसतात, त्या दर महिन्याला तपासून गोळ्या देतात. मुलाला चार गोष्टी विचारायच्या आहेत. या मॅडम नर्स की डॉक्टर? गोळ्या त्यांच्या भरवशावर चालू ठेवाव्यात का? वडिलांना उद्या घरी नर्स ठेवावी लागली तर ती खरी नर्स आहे हे कसं ओळखायचं आणि तिचा खर्च सरकारच्या मोफत उपचार योजनेतून मिळेल का? आणि तीन हेलपाटे घालूनही त्याच योजनेचं आईचं आयुष्मान कार्ड 'पेंडिंग'च का दाखवतंय?

चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हातातला कागद आणि सरकारी नोंद यांत फरक असतो, आणि काम नोंदीवर चालतं. नर्सच्या भिंतीवरच्या पदवीपेक्षा नर्सची नोंदणी करणाऱ्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत तिचं नाव आज चालू आहे का हे महत्त्वाचं. रुग्णाच्या बाबतीतही कपाटातल्या रेशनकार्डापेक्षा संगणकात त्याचं नाव आधारशी जुळतं का यावर सगळं ठरतं.

आधी मॅडमबद्दल. सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. उपकेंद्राचं 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं की तिथे हे पद येतं. सपाट भागात साधारण 5,000 लोकसंख्येला आणि डोंगरी भागात 3,000 ला एक उपकेंद्र, असं प्रमाण आहे.  या पदासाठी मूळ शिक्षण बीएस्सी नर्सिंग, जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) यांपैकी काहीतरी असावं लागतं आणि त्यावर सामुदायिक आरोग्याचा 6 महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. अलीकडे बीएस्सी नर्सिंगच्या पदवीतच हा भाग मिसळला आहे. महाराष्ट्रात बरेच सीएचओ बीएएमएस आहेत, बाकीचे नर्सिंगचे. त्यामुळे 'नर्स की डॉक्टर' याचं एकच उत्तर सगळ्या गावांना लागू पडत नाही. सरळ विचारा, "मॅडम, तुमचं मूळ शिक्षण काय आणि नोंदणी कुठल्या परिषदेत?" चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

उपकेंद्रात त्यांच्यासोबत आणखी एक बाई असतात, ज्यांना गाव वर्षानुवर्षं 'नर्सबाई' किंवा 'सिस्टर' म्हणत आलं आहे. त्या आरोग्य सेविका, शिक्षण एएनएम, म्हणजे नर्सिंगची पहिली पायरी. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, कुटुंब नियोजन ही कामं मुख्यतः त्यांची. आणि दारोदार येते ती आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. ती नर्स नाही, पण 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचा तपासणीपूर्व फॉर्म तीच भरते आणि कोणाला उपकेंद्रात पाठवायचं ते त्यातून ठरतं. या तिघींची कामं एकमेकींत गुंतलेली असतात, म्हणून घरच्यांचा गोंधळ होणं साहजिक आहे.

नर्सिंगच्या शिक्षणाची उतरंड माहीत असली की पुढचं सोपं जातं. एएनएम 2 वर्षांचा, जीएनएम 3 वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचा अभ्यासक्रम. जीएनएम झालेल्यांना पोस्ट बेसिक बीएस्सी 2 वर्षांत करता येते आणि त्यापुढे एमएस्सी 2 वर्षांची. कुटुंबाच्या आणि गावाच्या आरोग्याचं खास शिक्षण घ्यायचं तर एमएस्सीला 'कम्युनिटी हेल्थ नर्सिंग' हा विषय असतो. यातला कुठलाही अभ्यासक्रम पुरा केला तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय इथे नर्स म्हणून काम करता येत नाही. जीएनएम आणि बीएस्सीवाल्यांची नोंद परिचारिका आणि प्रसाविका अशी दोन्ही होते, एएनएमची नोंद वेगळी. या नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी दरम्यानच्या काळात सतत शिक्षणाचे, म्हणजे सीएनईचे, गुण जमवावे लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदवहीतून प्रत्येक नर्सला 'एनयूआयडी' हा वेगळा क्रमांकही मिळतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून 'फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर' हे नाव ऐकलं असेल, म्हणून एक फरक सांगतो. तिथे ती नर्स किमान पदव्युत्तर शिकलेली असते, राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना घेते, आणि मेडिकेअर या सरकारी विम्यात स्वतःच्या नावाने नोंदणी करते. त्या विम्यातून तिला डॉक्टरच्या दराच्या 85 टक्के रक्कम मिळते. आपल्याकडे तसं नाही. आपल्या सरकारी योजनेत नर्स किंवा एकटा डॉक्टर नोंदला जात नाही, रुग्णालय 'अंगीकृत' होतं, म्हणजे योजनेत घेतलं जातं. म्हणून 'ही नर्स योजनेत आहे का' हा प्रश्नच आपल्याकडे लागू होत नाही. कोणी बाई "मी आयुष्मानमध्ये रजिस्टर आहे, माझं बिल कार्डावर होईल" असं सांगत असेल तर तिथेच थांबा. केंद्राच्या डिजिटल आरोग्य मिशनच्या आरोग्य व्यावसायिक नोंदणीत नर्सलाही क्रमांक मिळतो हे खरं, पण तो ओळख म्हणून. त्यावर बिल निघत नाही आणि तो परिषदेच्या नोंदणीची जागाही घेत नाही.

गोळ्यांचं काय? उपकेंद्रात सीएचओ बीपी मोजतात, बोटातून साखर बघतात, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग चाळणीतून पाहतात. पण बीपी किंवा साखरेचं पहिलं औषध कुठलं आणि किती, हे प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी ठरवतात, समोर बसून किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर व्हिडिओ करून. तो आराखडा ठरला की दर महिन्याला तपासणं, 30 दिवसांच्या गोळ्या देणं, चुकलेल्याला शोधून आणणं ही सीएचओची कामं, आणि ती त्या मन लावून करतात. साताऱ्याला तर याची सवय जुनी आहे. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा होता. त्याची पद्धत साधी: ठरलेली मोजकी औषधं, प्रत्येक रुग्णाचं उपचारपत्र, आणि 140/90 च्या खाली राहायचं हे लक्ष्य. तेव्हा गोळ्या जरूर चालू ठेवा. फक्त एवढं पाहा की आई-वडिलांच्या उपचारपत्रावर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी औषध लिहिलेलं आहे आणि निदान वर्षातून एकदा दोघंही त्यांच्या समोर गेले आहेत. आईची एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी उपकेंद्रात होत नाही. ती प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा कऱ्हाडच्या उपजिल्हा रुग्णालयातून करून घ्यावी लागते, आणि नेमकी हीच राहून जाते.

घरात सगळ्यात जास्त बिघडतं ते असं. बीपी नॉर्मल आलं की "बरं झालं" म्हणून गोळी बंद केली जाते. बीपीच्या अम्लोडिपिन या गोळीने काहींच्या पायाला थोडी सूज येते, मग घाबरून परस्पर बंद होते. सूज आली तर सांगा, डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलतात. किंवा पुण्याहून मुलगा येताना खाजगी डॉक्टरांची दुसरी चिठ्ठी आणतो आणि एकच औषध दोन नावांनी पोटात जातं. गोळ्यांची पाकिटं न फेकता एका डब्यात ठेवा आणि दर महिन्याला तो डबाच उपकेंद्रात न्या. आईला साखर उतरवणारी ग्लिमेपिराईड ही गोळी चालू असेल तर उपवासाच्या दिवशी ती गोळी नेहमीसारखी घ्यायची का, हे आधी विचारा. साखर फार उतरून घाम फुटला, हात थरथरले, बोलणं भरकटलं तर आधी साखर किंवा गूळ द्यायचा, तोही शुद्धीत असेल तरच. बीपी 180/110 च्या वर आणि त्यासोबत छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं किंवा जीभ जड, असं काही दिसलं तर उपकेंद्र उघडायची वाट पाहू नका, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.

आता घरी ठेवायची नर्स. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज इथे नर्सिंग ब्युरो, म्हणजे घरी नर्स पुरवणाऱ्या संस्था, पुष्कळ आहेत. मिरज तर दवाखान्यांचंच गाव, तिथे शिकलेल्या सिस्टर्स मिळतातही. पण ब्युरो 'नर्स' म्हणून जे माणूस पाठवतो ते बहुतेक वेळा काळजीवाहक असतं. त्यात कमीपणा काही नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची अंघोळ, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं हे काम चांगला काळजीवाहक मनापासून करतो. मात्र इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी बदलणं, नाकातली नळी घालणं, खोल जखमेचं ड्रेसिंग, गळ्यातल्या नळीचं सक्शन यांसाठी नोंदणीकृत नर्सच हवी. आधी गरज कुठली ते ठरवा. नळीचं काम आठवड्यातून एकदाच असेल तर दिवसभरासाठी काळजीवाहक आणि त्या कामापुरती नर्स, हे खर्चालाही परवडतं आणि रुग्णालाही बरं.

नोंदणीचं प्रमाणपत्र मूळ बघायला मागा, झेरॉक्सवर समाधान मानू नका. नाव, फोटो, क्रमांक, नोंदीचा प्रकार आणि वैधतेची शेवटची तारीख, एवढं पाहा. तारीख उलटून गेली असेल तर नूतनीकरणाची पावती विचारा. सगळ्यात नेहमीची लबाडी म्हणजे प्रमाणपत्र एकीचं आणि दारात उभी दुसरीच. म्हणून आधारवरचा फोटो, प्रमाणपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा एकत्र ताडून बघा, आणि रात्रपाळीला माणूस बदललं की पुन्हा बघा. 6 महिन्यांचा किंवा वर्षाचा खाजगी 'नर्सिंग कोर्स' कितीही छान फ्रेममध्ये असला तरी त्यावर परिषदेची नोंदणी होत नाही. उलट बाजूही लक्षात असू द्या. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे आपल्याकडे फार आढळतं. ती बाई खोटी नाही, तिने परिषदेत नाव बदलून घेतलेलं नाही इतकंच. विवाह नोंदणीचा दाखला दाखवला की शंका मिटते.

या नर्सचा खर्च योजनेतून मिळणार नाही. योजना रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. डायलिसिस, केमोथेरपी असे दिवसभराचे उपचार त्यात येतात. घरची शुश्रूषा येत नाही, नेहमीच्या ओपीडीची बिलं येत नाहीत, आणि आधी पैसे भरून मागाहून परत मिळवायची सोयही नाही. सगळं विनारोकड चालतं.

आता कार्ड. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत या दोन्ही 1 एप्रिल 2020 पासून एकत्र राबवल्या जातात. फुले योजनेत पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, जुलै 2024 पासून ते 5 लाख झालं आणि पिवळं, केशरी, पांढरं अशा सगळ्या शिधापत्रिकाधारकांना ते मिळू लागलं. ही रक्कम माणशी नसून शिधापत्रिकेवरच्या सगळ्या कुटुंबाला मिळून आहे.

बऱ्याच घरांत एक घोटाळा असतो, तो तुमच्याही घरात नाही ना ते आधी पाहा. 'आभा' कार्ड आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आभावर 14 अंकी क्रमांक असतो, त्यात तपासण्यांचे अहवाल साठवता येतात, विमा मिळत नाही. शिबिरात आभा काढून "आमचं कार्ड झालं" म्हणणारे रुग्णालयात अडकतात.

वडिलांचं काम आधी उरका, कारण ते सोपं आहे. 70 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय 29 ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली. यात शिधापत्रिकेशी नाव जुळवण्याची भानगडच नाही, फक्त आधारवरचं वय लागतं. कुटुंब आधीच योजनेत असेल तर वडिलांसाठी वेगळे 5 लाख मिळतात आणि ते 70 च्या खालच्या कोणी वापरायचे नसतात. आयुष्मान ॲपमध्ये किंवा लाभार्थी पोर्टलवर ज्येष्ठांची वेगळी जागा आहे, तिथे आधार क्रमांक टाकून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करायची, फोटो काढायचा, झालं. माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्राच्या कर्मचाऱ्यांची सीजीएचएस ही आरोग्य योजना असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागते. खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड चालतं.

आई 66 ची, म्हणजे तिला कुटुंबाच्या कार्डातूनच जावं लागणार. तिचं पेंडिंग दिसतंय याचं कारण बहुधा नावात आहे. ई-केवायसी करताना संगणक आधारवरचं नाव आणि शिधापत्रिकेतून आलेलं नाव शेजारी ठेवतो आणि किती टक्के जुळतं ते काढतो. जुळणी चांगली असेल तर मंजुरी लवकर येते. कमी असेल तर अर्ज तपासणाऱ्या माणसाकडे जातो आणि तिथे पडून राहतो किंवा नाकारला जातो. आपल्या भागात नावं कशी लिहिली जातात ते तुम्हाला माहीत आहेच. घरात बापूसो, आधारवर बापूराव, सातबाऱ्यावर बापू. बाईचं एका ठिकाणी अनुसया, दुसऱ्या ठिकाणी अनुसूया, तिसरीकडे अक्काताई. इंग्रजी अक्षरांत त्याचे आणखी चार अवतार होतात. माणसाला ती एकच व्यक्ती वाटते, यंत्राला दोन.

दुरुस्ती कुठे करायची? आधारवर नाव बरोबर असेल तर आधारला हात लावू नका. आधारवरचं नाव जास्तीत जास्त दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, आणि तिथे बदललं की बँक, पेन्शन, पीएम किसान सगळीकडे निस्तरत बसावं लागतं. शिधापत्रिकेवरचं नाव तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागातून दुरुस्त करून घ्या. जाताना आधार, जुनं रेशनकार्ड आणि कुटुंबप्रमुखाचा अर्ज न्या. तिथेच तीन गोष्टी विचारून घ्या: आपली शिधापत्रिका ऑनलाइन झाली आहे का, तिचा 12 अंकी क्रमांक काय, आणि आईचं आधार तिला जोडलेलं आहे का. पांढऱ्या कार्डावर वर्षानुवर्षं धान्य न उचललेल्या घरांची नोंद अर्धवट सापडते. दुकानातून रेशन मिळतंय म्हणजे सगळ्यांची नावं जोडलेली आहेत असंही नाही, एकाच्या अंगठ्यावर अख्ख्या घराचं धान्य येतं.

तुमचं स्वतःचं नाव गावच्या कार्डावर आहे की पुण्यात वेगळं काढलंय, तेही पाहा. दोन्हीकडे असेल तर एकीकडचं कमी करून घ्या. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून सासरच्या कार्डात चढवायचं राहिलं असेल तर तेही याच फेरीत करा.

दुरुस्ती झाल्यावर नवं नाव योजनेच्या यादीत दिसायला काही दिवस लागतात, लगेच दुसऱ्या दिवशी ई-केवायसी करून पुन्हा पेंडिंगमध्ये अडकू नका. करताना ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर येतो. तो नंबर बंद पडला असेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन बदलता येतो, त्याला कागदपत्रं लागत नाहीत. शेतात, उसात आयुष्य गेलेल्यांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, ठसा उमटत नाही. अशा वेळी चेहऱ्याची पडताळणी हा चांगला मार्ग, फक्त उजेड समोरून हवा आणि चष्मा काढायला हवा. खोऱ्यातल्या गावात रेंज नसेल तर बाजारच्या दिवशी तालुक्याच्या सेवा केंद्रात करा. आशाताईंनाही ॲपवर कार्ड काढता येतं. आईला त्यांच्यासोबत पाठवलं तरी ओटीपीच्या वेळी तुम्ही पुण्यात फोन उचला.

तोवर आई आजारी पडली तर? कार्ड हातात नाही म्हणून दारातून परतायची गरज नाही. फुले योजनेसाठी वैध शिधापत्रिका आणि फोटो असलेलं ओळखपत्र चालतं. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णाला मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचा, कक्ष असतो, भरती होण्याआधी किंवा होताक्षणी त्याला गाठा. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मंजुरी घ्यायची सोय आहे, ती तोच करतो. भरती होऊन चार दिवसांनी, बिल वाढल्यावर आरोग्यमित्राला शोधणं ही सगळ्यात महाग चूक.

त्याला दोन प्रश्न विचारा. रुग्णालय योजनेत असलं तरी ज्या विभागाचा आजार आहे त्या विभागासाठी ते अंगीकृत आहे का? हृदयासाठी असतं आणि हाडांसाठी नसतं, असं होतं. आणि सुचवलेलं ऑपरेशन सरकारी रुग्णालयांसाठी राखीव तर नाही? राखीव असेल तर साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय किंवा सांगली-मिरजेची सरकारी रुग्णालयं हाच रस्ता. मंजुरी मिळालेल्या उपचारासाठी कोणी डिपॉझिट किंवा 'वरचा फरक' मागितला तर छापील पावती मागा, आरोग्यमित्राला लेखी द्या आणि रुग्ण आत असतानाच योजनेच्या 155388 किंवा 14555 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. घरी आल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणं फार अवघड जातं.